उजवा रकाना

सगळ्यांनी मनीला सांगितलं होतं, की एकदा परीक्षा झाली म्हणजे सुटलीस बघ. डोंबलाची सुटका! परीक्षेत निदान प्रश्न तरी छापून येतो.

मनी हे घरातलं नाव. पदवी मिळाली, नोंदणी झाली आणि सोमवारी सकाळी ती पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून उभी राहिली. आईने गणवेशाला दोनदा इस्त्री केली होती. धाकट्या भावाने दारात सॅल्यूट ठोकून तिची यथेच्छ टिंगल केली होती. इथवर सगळं छान चाललं होतं.

प्रत्येक खाटेच्या पायाशी एक तक्ता लटकत असे. नाडी, रक्तदाब, ताप आणि शेवटी सहीचे दोन रकाने. डावा नोंद करणारीचा, उजवा तपासणाऱ्या सिस्टरचा. शिकायची चार वर्षं मनीने डावीकडे सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मागून कुणीतरी सिस्टर यायच्या, उजवीकडे सही करायच्या, चुकलं असेल तर कान उपटायच्या, डॉक्टरांना बोलवायचं असेल तर बोलवायच्या. आज सकाळीच मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं, की या सहा खाटा तुझ्या आणि दोन्ही सह्याही तुझ्याच. मनीने मान डोलावली. मानेला काय जातंय डोलायला! हाताला कुठे कळलं होतं?

चौथ्या खाटेवर शिंपीकाका होते. कालच त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. सत्तरीचा माणूस, पण जीभ कात्रीसारखी. तुमच्या गणवेशाची कॉलर तिरकी बसलीय, हे त्यांनी सकाळी ओळख होण्याआधीच सांगून टाकलं होतं. दहा वाजता मनीने त्यांची नाडी पाहिली तर एकशे बारा. रक्तदाब सकाळी एकशे वीस होता, तो शंभरावर आलेला. पट्टीच्या कडेला ओलसर लाल डाग. आतून रक्त जातंय की काय? तिने आकडे नीट लिहिले, खाली लाल रेघ मारली, डावीकडे सही केली आणि पाचव्या खाटेकडे गेली.

हो, गेली. आता हसा नाहीतर चिडा, पण ती गेली. वर, आपण वेळेवर पकडलं म्हणून मनातून खूशही होती.

साडेदहाला येऊन बघते तर उजवा रकाना कोरा. मनी मनातून जाम वैतागली. आता याला काय म्हणायचं? लाल रेघसुद्धा दिसू नये कुणाला? मोठ्या सिस्टर दुसऱ्या पेशंटला घेऊन थिएटरात गेलेल्या. आपण थेट डॉक्टरांना फोन करायचा? चालतं का तसं? आणि आपलेच आकडे चुकलेले असले तर? तिने नाडी पुन्हा मोजली. एकशे सव्वीस. पुन्हा मोजली. तेवढीच.

शिंपीकाकांचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळची कात्री पार बोथट झाली होती.

"गरगरतंय हो," ते पुटपुटले.

"थांबा हं काका," मनी म्हणाली. "सिस्टर येतीलच आता."

काकांनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्यात, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मग तुम्ही कोण?"

मनीचं धाबं दणाणलं. ती धावत फोनपाशी गेली. पलीकडून डॉक्टरांनी कोण बोलतंय विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून कसाबसा "सिस्टर" एवढाच शब्द निघाला. मग मात्र आकडे घडाघडा आले. डॉक्टर पळत आले आणि दहा मिनिटांत काका पुन्हा थिएटरात होते.

मोठ्या सिस्टर परतल्या, तक्ता पाहिला आणि विचारलं, की दहाला दिसलं तर फोन पाऊण तासाने का? मनीला खोटं सुचलं नाही. सहीची वाट बघत होते, म्हणाली. मोठ्या सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त, जसं घडलं तसं लिहून दे, म्हटलं आणि पेन पुढे केलं.

रक्तवाहिनी बांधली, थोडक्यात निभावलं, असा निरोप आला. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मनीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तुम्ही होतात म्हणून वाचले म्हणाल्या. ते हात सोडवून घ्यावेत की धरून रडावं, मनीला काही उमगेना. आपण वाचवलं की घालवत होतो? दोन्ही खरंच होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल ते तिला कळत नव्हतं.

ड्यूटी संपता संपता काकांना परत आणलं. अजून गुंगीत होते. मनीने नाडी मोजली. ब्याण्णव. डावीकडे सही केली. मग पेन उजवीकडे नेलं. सही वाकडीतिकडी आली, पण आली.

काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "त्या सिस्टर आल्या का हो?"

"आल्या काका," मनी म्हणाली. "जरा उशीरच झाला त्यांना."