बंद कुरणातल्या मेंढ्या

उन्हाळा सरता सरता डोंगरावरचं गवत पार करपायचं आणि खाली झऱ्याजवळची पाणथळ तेवढी हिरवीगार उरायची. ती चराईसाठी कधी उघडायची, हे गवताच्या मुखियानं, म्हणजे गावानं दरवर्षी कुरणं राखायला नेमलेल्या माणसानं, ठरवायचं. यंदाचा मुखिया बासू, आणि तो काही केल्या उघडेना. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला तिथलीच नखाएवढी गोगलगाय दाखवली होती. "हिच्यातला किडा गवतावर येतो, गवतातून मेंढीच्या कलेजीत. दव गोठायला लागेपर्यंत इथं चारू नका." गेल्या हिवाळ्यात हनुवटीखाली पाण्याच्या पिशव्या लोंबून मेंढ्या पटापट मेल्या होत्या, ते बासू विसरला नव्हता.

पण गाव ऐकेल तर शपथ!

"गोगलगाईला भिणारा मुखिया पहिल्यांदाच बघतोय, दाजी," त्याचा मेहुणा हद्दू भर बैठकीत म्हणाला. "शुक्रवारी उघडा, नाहीतर आम्हीच घुसवतो मेंढ्या."

गुरुवारी सकाळीच बोंब उठली, पाणथळीत मेंढ्या शिरल्या! बासू काठी घेऊन धावला. बघतो तर त्याच्याच मेंढ्या. बिचारा मेल्याहून मेल्यासारखा झाला. बंदी मोडणाऱ्यानं मेंढी कापून गावाला जेवू घालायचं, हा रिवाज; त्यातून मुखिया कसा सुटणार?

हद्दूनं मोठ्या हौसेनं सगळ्यांत गुबगुबीत मेंढी निवडली. निखारे फुलले. चरबीत गुंडाळून भाजलेल्या कलेजीसाठी माणसं पुदिन्याचा चहा पीत ताटकळली होती. हद्दूनं भाजण्याआधी कच्ची कलेजी चिरली आणि आतून पानासारखे चपटे किडे वळवळत बाहेर आले.

"अगं आई गं! ही तर ठणठणीत होती की!" हद्दू ओरडला.

"गेल्या वर्षीचे आहेत ते," बासू म्हणाला. "आत बसून खात राहतात."

कलेजी कुत्र्यालाही टाकू नका म्हणून म्हाताऱ्यांनी ती पुरायला लावली. हद्दूचा चेहरा उतरला.

"दाजी, दव गोठेपर्यंत तिकडं कुणाची मेंढी दिसली तर दोन मेंढ्यांचा दंड लावा. आणि त्या डॉक्टरला औषध घेऊन बोलवा, आजच."

घरी आल्यावर बासूनं बायकोला, तुदाला, विचारलं, "मेंढवाड्याचं दार कुणी उघडं टाकलं होतं?"

"मी," भांडं घासता घासता ती म्हणाली. "तुमचं बोलून बोलून तोंड दुखलं, कुणी ऐकलं? माझ्या भावाला मी ओळखते. ताटातलं गेल्याशिवाय त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. गेल्या वर्षी आपल्या मेंढ्याही तिथंच चरल्या होत्या, कलेजीत किडे निघणार हे ठाऊक होतं मला."

बासूला रागही आला आणि हसूही. हसूच जास्त आलं.

"आणि माझी अब्रू गेली त्याचं काय?"

"ती येईल हो परत. मेलेल्या मेंढ्या आल्या असत्या का?"