सोनिकाच्या माऊसनं काढलेला दात

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण तिरोड्याच्या अर्ध्याअधिक नवरदेवांना गोरं मी केलं आहे. मी एक जुना माऊस. फ्लेक्सच्या दुकानात सोनिकाच्या उजव्या हाताखाली माझी उमेदीची सारी वर्षं गेली. एकदा भर उन्हाळ्यात मी बोदलकसा तलाव काठोकाठ भरला, फ्लेक्सवर! तर बगळे उतरून त्या कापडाला चोची मारू लागले.

"बगळे नाही गा, कोंबडी होती," अडगळीच्या खोक्यातला माझा शेजारी, जुना कीबोर्ड, पुटपुटला. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मग एआय आलं. दुकानाचे मालक हेमेंद्रभाऊ नुसतं तोंडानं सांगत, आणि हातातला चहा गार व्हायच्या आत डिझाइन तयार. एके दिवशी ते सोनिकाला म्हणाले, "आता हेच सारं बनवून देऊन राहिलं. दिवाळीपासून तू नको येऊ, बाई."

सोनिकानं रोज गोंदियाला जाऊन शिकलेलं सगळं तिच्या बोटांत होतं. ती बोटं तिनं ओढणीत गुंडाळून घेतली.

त्याच आठवड्यात धुरपताबाई आल्या. नवऱ्याच्या, गोपीचंदजींच्या, वर्षश्राद्धाला फोटो मोठा करून हवा होता. फोटो एकच, तोही पुसट. एआयनं तो क्षणात लखलखीत केला. बाई पाहतच राहिल्या.

"हा कोन होय वो?"

"तुमचेच ना जी, आजी!" हेमेंद्रभाऊ म्हणाले.

"माया घरचा मानूस असा हासे नाही. हा तं मंजनाच्या जाहिरातीतला होय!"

सोनिकानं त्यांना खुर्ची दिली. "मंग कसे हासत होते, आजी?"

तेव्हा कळलं. गोपीचंदजी गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकात, राजा झाले होते आणि नाचता नाचता सिंहासनावरून पडले होते. समोरचा दात गेला, तो जन्मभर बसवलाच नाही. "राजाचा दात होय म्हने, असातसा बसवता येते का!" सांगता सांगता बाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्याच पदरानं डोळे पुसले.

थोड्या वेळानं फोटोतला दात गेला. बाईंनी पडद्यावरून हात फिरवला.

"हं. आले," त्या म्हणाल्या.

हेमेंद्रभाऊंनी सोनिकाची खुर्ची कॉम्प्युटरसमोरून उचलली आणि दारापाशी, गिऱ्हाइकांसमोर मांडली. "दिवाळीचं राहू दे. इथं बस, लोकायले इचारत जा."

तर मित्रांनो, एवढ्या हुशार यंत्राला जे जमलं नाही, ते मी केलं. तो दात मी काढला! अगदी हळू, कडेकडेनं, ओठाला धक्का न लावता. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. त्यांना पुसा, जपा, त्यांची...

"बस कर गा, फेकू!" कीबोर्ड ओरडला. "तू तं तवाही या खोक्यातच पडून होता. टेबलावर मी होतो. दात त्या एआयनंच काढला. सोनिकाताईनं आजीले इचारलं अन् त्याले सांगितलं, बस!"