हो, शीचीच डबी!

मी डबी बोलतेय. औषधाची नाही, अत्तराची तर नाहीच नाही. दवाखान्यात लहान मुलांची शी तपासायला मागतात ना, ती प्लास्टिकची डबी. मुरडा नाकं, माझं काही अडत नाही!

आम्ही सगळ्या बहिणी दवाखान्याच्या कपाटात राहायचो. एकदा चिमणी आली. जेमतेम दोन वर्षांची पोर, खोकून बेजार, अंगावर मांस म्हणून नाही. डॉक्टरीणबाईंना क्षयाचा संशय आला. मोठी माणसं बेडका थुंकतात, एवढाली पोरं तो गिळतात. मग नाकातून पोटात नळी घालून तो काढायचा. शेजारच्या खाटेवर एका बाळाला नळी घालताना पाहून चिमणीच्या आईने पोरीचं नाकच पदराने झाकलं.

"गिळलेलं शीतून बाहेर येतंच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी तीच तपासू."

माझी एक बहीण चिमणीच्या घरी गेली. आजीला स्वच्छतेचं भारी वेड. दवाखान्यात घाण कशी पाठवायची, म्हणून तिने डबीत झाकणभर फिनेल ओतलं! लॅबमधल्या ताईंनी कपाळाला हात लावला. नमुना वाया गेला.

"आता नळीच घालू. उगाच वेळ नको जायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नळी नाही!" आई उसळली. "दुसरी डबी द्या. उद्या सकाळी मी आणते."

ती दुसरी डबी मी. खरं सांगते, मला अभिमान वाटला.

सकाळी आईने आजीला दारातच अडवलं. "आई, आज हात लावायचा नाही हं!" मला भरलं, झाकण घट्ट लावलं. वडिलांनी मला पिशवीवर पिशवी गुंडाळली. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय नेताय?" तर "काही नाही, काही नाही" म्हणत सटकले. शी लपवायची, आजार लपवायचा. खोकला मात्र चारचौघांत! माणसांची ही तऱ्हा मला कळत नाही.

माझ्यातली कणभर शी मशीनमध्ये गेली आणि क्षयाचे जंतू सापडले. आई रडली.

"सापडले हे बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या आजपासून. एकही चुकवायची नाही. पोरगी बरी होईल."

आता मी कचऱ्याच्या पिशवीत आहे, थोड्या वेळात भट्टीत जाईन. दाराबाहेर कुणी बाप आपल्या खोकणाऱ्या लेकराला कवटाळून नळीची वाट बघतोय. आणि चिमणीचे वडील, तेच लाजाळू, भरल्या बाकड्यांसमोर ओरडताहेत, "अहो दादा, आधी शी तपासता येते का विचारा! शी, शी!"

सगळे वळून बघताहेत. बघू देत. खुशाल जाळा मला.