गिरजाबाईसाठी हार्ड डिस्क

या, या, जवळ सरका. खांबाला टेकून बसलेले दोघं, तुम्हीही पुढे या. मागे बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं तो स्वतःच्या पदरचं घालतो. आज तुम्हाला हार्ड डिस्कची गोष्ट सांगतो. हसू नका! हिच्यात भक्ती आहे, फुगडी आहे, आणि माझी फजिती तर पोतंभर आहे.

आरमोरीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे गिरजाबाई कीर्तन करायची. कमरेला पदर खोचलेला, हातात खंजिरी, आणि आवाज असा की दूर धानाच्या बांधीत वाकलेल्या बायकांनी कंबर सरळ करून ऐकावं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तिचं छापलेलं काही नाही, लिहिलेलं काही नाही. फक्त माझी बायको रुखमा दर कीर्तनाला पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसायची. अशी एकशे शहाऐंशी कीर्तनं आमच्या घरच्या कम्प्युटरमध्ये होती. आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

तो कम्प्युटर आता आधी घरघरायचा आणि मग आपोआप बंद पडायचा. आमची पिंकी नागपूरहून फोनवर ओरडली, "बाबा, बाहेरून लावाची हार्ड डिस्क घ्या अन् सगळं कॉपी करा! एक दिवस तो चालूच नाई होणार, मंग बसा रडत."

रुखमा तर ऐकूनच रडायला लागली. धानाची रोवणी आटोपलेली होती. आम्ही दोघं पहिल्या बसनं आरमोरीला निघालो.

कम्प्युटरचं दुकान नीलिमा नावाची पोरगी चालवते. तिनं काउंटरवर दोन डब्या ठेवल्या.

"काका, ही मोठी. हिच्यात चकती फिरते. स्वस्त हाये. अन् ही लहान. हिच्यात काहीच हालत नाई. महाग हाये, पण पडली-झडली तरी सहसा टिकते."

मी लहान डबी कानाला लावली. गप्प. मनाला काही पटेना.

"गिरजाबाई कधी उभ्या जागी थांबली का?" मी म्हटलं. "नाचल्याबिगर तिचं कीर्तनच होत नव्हतं. मले फिरणारी दे."

"पिंकीचे बाबा, डिस्क घेऊन राह्यले का नाचणारी?" रुखमा म्हणाली.

"फिरणारीच दे, बाई."

"देतो," नीलिमा म्हणाली, "पण चालू असली का हिले धक्का लागू देऊ नका बरं."

घरी आल्यावर चौरंग मांडला. डिस्कला हळदकुंकू वाहिलं, वायर जोडली, कॉपी सुरू केली. पडद्यावर आलं, दीड तास. आता सांगा, दीड तास गिरजाबाई समोरून चाललेली आणि आपण मुक्यानं बघत बसायचं? मी म्हटलं, एक कीर्तन लावून तर पाहू.

आवाज अंगणात गेला आणि शेजारच्या कलाबाई खंजिरी घेऊनच आल्या. मागून आणखी चौघी. गजर आला. गजराला बसून राहणारं माणूस आमच्या गावात अजून जन्मायचं आहे. रुखमानं कलाबाईंचे हात धरले आणि फुगडी सुरू! मी टाळ्या पिटतोय, पितळेची भांडी फळीवर नाचतायत, आनंद नुसता उतू चाललाय. इतक्यात कलाबाईंचा पाय वायरीत अडकला.

डिस्क चौरंगावरून खाली. खट्ट. मग आतून आवाज आला, खर्र, खर्र.

"बंद करा, बंद करा!" मी ओरडलो.

"अवो, कीर्तन मधात कसं बंद करता?" कलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "आरती होऊ द्या."

आणि खरं सांगतो, माझाही हात उठेना. आम्ही सगळे हात जोडून बसलो. गिरजाबाईची आरती झाली, आम्हीही म्हटली, आणि शेवटच्या ओळीला कम्प्युटर घरघरून विझला. पुन्हा बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा कोणी फुगडीचं नाव काढलं नाही. त्या रात्री मी जेवलोही नाही.

सकाळी पुन्हा नीलिमाचं दुकान.

"कशी पडली?"

मी छताकडे पाहिलं. रुखमानंच सांगितलं, "फुगडीनं."

पोरगी टेबलावर डोकं ठेवून हसली. "काकू, वारंटीत फुगडी बसत नाई हो!" मग डोळे पुसून म्हणाली, "कम्प्युटर तापला असन. पूर्ण थंडा होऊ द्या, मंग लावा. अन् ही लहान घेऊन जा."

मी अजून कचरतच होतो. तेव्हा रुखमा म्हणाली, "अवो, नाचत होती ते गिरजाबाई. आपण तर मांडी घालून बसत होतो ना? तिले ऐकून ठेवणारी पाह्यजे आपल्याले. नाचणारी नाई."

इतकी वर्षं मी कीर्तनं ऐकली, पण असा निवाडा कधी ऐकला नव्हता. लहान डबी घेतली.

घरी बटन दाबलं. नाही. मी देवाचं नाव घेतलं, रुखमानं माझं घेतलं, तेही पहिल्यांदाच. तिसऱ्यांदा पडदा उजळला! कॉपी सुरू केली. या वेळी कीर्तन लावायचं नाही, उठायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद. सातही जण हात मांडीखाली दाबून बसलो. कलाबाईंच्या पायाचा अंगठा ताल धरू लागला की रुखमा त्यावर पाय ठेवायची. ऐंशी टक्के. नव्वद. घरघर वाढली. अठ्ठ्याण्णव. कोणी श्वास घेतला असेल तर मला माहीत नाही.

झालं! एकशे शहाऐंशी. मी दोनदा मोजली. नीलिमानं सांगितलं होतं तशी डबी नीट बंद करून काढली आणि कलाबाईंच्या हाती दिली. घरं दोन असलेली बरी, कीर्तनालाही. आता पिंकीसाठी तिसरी प्रत करायची आहे. त्या दिवशी डबी हाती दिल्यावर अंगणात जी फुगडी झाली, तिच्यात मीसुद्धा होतो. कंबर अजून दुखते.

आता उठा, पण एक करा. तुमच्या गावात कोणी खंजिरी हाती घेतली, की आमच्या गिरजाबाईचं नाव एकदा मनात घ्या. तुम्ही तिला पाहिलं नाही, तरी घ्या.