आज किती तास दिले?

गिब्बी हाल्क्रोच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एक वेळ दाखवायचं. ते सहा मिनिटं मागे होतं, आणि त्याच्याकडे कोणी फारसं बघत नसे. दुसरं वेळ दाखवतच नसे; पण एके काळी अख्खी खाडी त्याच्या भरवशावर होती.

हे दुसरं घड्याळ मेहुण्याने हीटरच्या तारेवर जोडून दिलं होतं. हीटर म्हणजे भिंतीलगत उभ्या केलेल्या, विटा भरलेल्या पेट्या. रात्री स्वस्तातली वीज पिऊन त्या तापायच्या आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडायच्या. ही वीज कधी सुरू व्हावी आणि कधी बंद, हे गिब्बीच्या हातात नव्हतं. दूर इंग्लंडात एक मनोरा होता. रेडिओवर बातम्या चालू असताना त्यांच्याखालून, माणसाच्या कानाला न लागणारा एक हुकूम तिथून सुटायचा. तो समुद्र ओलांडून शेटलंड बेटांवर पोचायचा आणि गिब्बीच्या मीटरशेजारची काळी पेटी 'खट्ट' करून तो पाळायची. उद्या थंडी जास्त असली तर कंपनी जास्त तास द्यायची, कमी असली तर कमी. गिब्बी घड्याळाचे काटे बारावर आणून झोपायचा. वीज असेल तेवढाच वेळ ते चालायचं. सकाळी काटा पाचावर थांबलेला असला तर दिवस बरा. दहावर असला तर मेंढ्या आत घ्या.

हा शोध सव्वीस वर्षांपूर्वी लागला आणि गिब्बीला मान मिळाला. बंदरावर तिकिटं फाडण्यात जन्म गेलेल्या माणसाला लोक बोट कधी सुटणार याखेरीज काही विचारत नाहीत. आता सकाळी सव्वाआठपासून फोन वाजायला लागला. "गिब्बी, आज किती तास दिले?" तेव्हा विचारणारे अकराजण होते. पुढे काही गेले, काही शहरात मुलांकडे गेले, म्हणजे तेही जवळजवळ गेल्यासारखेच, आणि बाकीच्यांनी हवामान सांगणारे मोबाइल घेतले. उरली ती खाडीपलीकडची ऑस्ला माउट.

ऑस्लाकडे विटांचे हीटर नव्हते, चूल होती. ती रोज सव्वाआठला फोन करायची.

"किती?"

"आठ."

"मग धुणं आतच घालते."

"घाल."

"बरं."

एवढंच. गिब्बीने एकदा चालत्या घड्याळावर मोजलं होतं: चाळीस सेकंद. त्यानंतर दिवसभर त्याच्याशी बोलायला रेडिओ होता. तोही कधी उत्तराची वाट बघत नसे.

मग कंपनीची पत्रं यायला लागली. रेडिओची ती जुनी सेवा बंद होणार, मनोऱ्याचे सुटे भागसुद्धा आता मिळत नाहीत, तरी नवा मीटर बसवून घ्यावा. पहिल्या पत्रात 'काळजी करू नये' असं चार वेळा लिहिलं होतं. तोवर गिब्बीला काळजी वाटत नव्हती. सहा पत्रांना त्याने उत्तर दिलं नाही. सातव्यात लिहिलं होतं, की मीटर बदलला नाही तर हीटर कायमचे बंद पडतील किंवा कायमचे चालू राहतील. कोणतं, ते आत्ताच सांगता येत नाही. एवढा प्रामाणिकपणा कंपनीकडून अपेक्षित नव्हता. गिब्बीने फोन करून मे महिन्यातला एक मंगळवार ठरवला.

ऑस्लाला मात्र तो काही बोलला नाही. त्या मंगळवारीही "किती?" "सात." "बरं." झालं, आणि तासाभराने कंपनीची गाडी दारात आली.

गाडीतून उतरलेला फर्गस बार्क्ले हा पन्नाशीतला, बोलका मनुष्य होता. तो एक यंत्र हातात धरून घरभर फिरला. पाणाड्या विहिरीची जागा शोधतो तसा. सिग्नल अखेर मीटरच्या कपाटातच सापडला.

"नशीबवान आहात, गिब्बी. तो समोरच्या टेकडीवरचा खांब दिसतोय? तुमचा नवा मीटर त्याच्याशी बोलणार. दर अर्ध्या तासाला."

खांब ऑस्लाच्या घरामागेच होता.

"दर अर्ध्या तासाला? इतकं काय बोलायचं असतं?" गिब्बी म्हणाला.

"तुम्ही किती वीज जाळली ते. आणि हे घड्याळ का थांबलंय? सेल संपला?"

गिब्बीने समजावून सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं. फर्गसने हातातला पेचकस खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही यावरून इथलं हवामान सांगता?"

"सव्वीस वर्षं."

"अहो, तो आकडा इथला नव्हताच हो! अख्ख्या उत्तर भागाला एकच आकडा. इन्व्हरनेसचा. तिथला अंदाज बघायचे आणि सगळीकडे तेवढेच तास सोडायचे."

"इन्व्हरनेस इथून दोनशे मैल आहे."

"वाऱ्यापावसाचं सोडूनच द्या. नुसती थंडी बघायचे." फर्गसला वाईट वाटलं असावं, कारण गिब्बीने चहाबरोबर पुढे केलेला दुसरा बॅनकही, म्हणजे तव्यावरची जाड रोटी, त्याने संपवला. "आता असलं काही नाही. नव्यात रोज रात्री सात तास. बारा महिने. ठरलेले."

जाताना त्याने घड्याळ काढून टाकू का असं विचारलं. गिब्बी म्हणाला, राहू दे.

बुधवारी काटा सातावर होता. फोन वाजला.

"किती?"

"सात."

"बरं."

गुरुवारी सात. बाहेर वाऱ्याने कोंबड्यांचं खुराडं सरकत होतं. शुक्रवारी सात, आणि बाहेर इतकं लख्ख ऊन की मेंढ्याही ओशाळल्यासारख्या दिसत होत्या. असंच चालू ठेवता आलं असतं. अधूनमधून सहा, कधी नऊ, असं ठोकून देता आलं असतं. नाहीतरी सव्वीस वर्षं दुसऱ्याच गावाचं हवामान खपलं होतं. पण एकतीस वर्षांत एकही तिकीट चुकीच्या तारखेचं न दिलेल्या माणसाला हे जमणारं नव्हतं. शनिवारी त्याने सांगून टाकलं.

"ऑस्ला, मीटर बदलला. आता रोज सातच असणार."

"रोज?"

"बारा महिने. आणि आधीचेही आकडे इथले नव्हते. इन्व्हरनेसचे होते."

"तरीच," ऑस्ला म्हणाली.

"काय तरीच?"

"सव्वीस वर्षं धुणं भिजलंय माझं."

"तेव्हा आता विचारायची गरज नाही, म्हणून सांगितलं."

"नाही ना," ऑस्ला म्हणाली. "गरज नाही."

फोन ठेवल्यावर गिब्बीला जरा हलकं वाटलं. हे हलकेपण रविवारी सव्वाआठपर्यंत टिकलं.

रविवारी फोन वाजला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी त्याने रिसीव्हर उचलून आवाज येतोय का ते पाहिलं, आणि नेमका तेव्हाच तिने फोन केला असेल तर, या विचाराने घाईघाईने खाली ठेवला. बुधवारी दुर्बीण काढली. खाडीपलीकडे दोरीवर दोन चादरी आणि एक झगा दिसत होता. म्हणजे ऑस्ला ठणठणीत होती, आणि धुणं कधी घालायचं हे तिला आपलं आपण कळत होतं. मीटरच्या कपाटात एक हिरवा ठिपका लुकलुकला. त्याचं समोरच्या टेकडीशी बोलणं झालं होतं. आता अर्ध्या तासाने पुन्हा.

या किनाऱ्यावर माणूस विनाकारण फोन करत नाही. मेंढी समुद्रात पडली, छप्पर उडालं, कोणी गेलं, तर करतात. नुसता फोन आला की पलीकडचा आधी विचारतो, "कोण गेलं?"

गुरुवारी आठ वाजून वीस मिनिटांनी गिब्बीने फोनची डायरी काढली. सव्वीस वर्षांत ऑस्लाला त्याने एकदाही फोन केला नव्हता. नंबर शोधावा लागला. चष्मा पुसून त्याने तो लावला.

"कोण गेलं?" ऑस्ला म्हणाली.

"कोणी नाही. गिब्बी बोलतोय."

"मग?"

"बाहेर कसं आहे?"

"तुझ्याकडे खिडकी नाही का?"

"आहे," गिब्बी म्हणाला. "पण ती इन्व्हरनेसकडे उघडते."

पलीकडे काहीतरी आवाज झाला. हसणं होतं की चुलीवरचं झाकण पडलं, ते गिब्बीला सांगता आलं नसतं.

"वायव्येचा वारा आहे," ऑस्ला म्हणाली. "ढग स्कॅल्डच्या डोंगरापर्यंत आलेत. धुणं बाहेर आहे, तासाभरात काढीन."

"बरं."

"आणि आठ वाजून वीस मिनिटं झालीत. सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ. नंतर मी कोंबड्यांत असते."

"माझं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे."

"मग ते आधी नीट कर."

तिने फोन ठेवला. गिब्बीने खुर्ची ओढली, वर चढला, आणि वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा सहा मिनिटं पुढे सरकवला. मग शेजारच्या घड्याळाकडे बघत तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. ते सातावर थांबलेलं होतं. रात्री त्याने ते बारावर आणलं होतं, सवयीने. खिडकीबाहेर ढग खरंच स्कॅल्डपर्यंत आले होते. ते त्याला सकाळपासून दिसत होते.