बिनअंगठीवाल्यांचा बाक

मी शेवटचा बाक बोलतोय. युगांडातल्या मसाका गावाबाहेर एक अँग्लिकन चर्च आहे, त्यातला अगदी दाराजवळचा. अंग फणसाच्या लाकडाचं, शाळा शून्य. रविवारी मागे जेवढं ऐकू येईल तेवढंच माझं शिक्षण, आणि मागे फारसं काही ऐकू येत नाही.

म्हणून मी चिमटे काढत बसतो. माझ्या फळीला एक चीर आहे. माणूस बसला की ती उघडते, उठला की मिटते, आणि मधे जे सापडेल ते माझं. भल्याभल्यांनी माझ्यावर 'आमेन'च्या आधी 'आई गं' म्हटलंय.

पण माझ्यावर बसायची हौस कुणालाच नसते. आमच्याकडे जे पाद्रीबाबांसमोर अंगठी घालून लग्न न करताच एका घरात संसार करतात, त्यांना वेदीपुढे गुडघे टेकून प्रभुभोजन घेता येत नाही. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस पुढच्यांना. बाकीच्यांनी माझ्यावर बसून त्यांच्या पाठी बघायच्या. अर्धं गाव माझ्यावरच म्हातारं झालं. लग्न म्हणजे बैल कापून सगळ्यांना जेवण, आणि तेवढा बैल असतो कुणाकडे?

नालवोगा आणि कलांझी त्यातलेच. ती केळीची बाग बघायची, तो सायकली दुरुस्त करायचा. दर नाताळला तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." ती म्हणायची, "का, जन्मला वाटतं बैल?" तो हसायचा. मांड्यांना मात्र घाम फुटायचा, आणि तो फक्त मला कळायचा.

मग जेबराज मास्तर आला. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा, जन्माचा अँग्लिकन, इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेला. पहिल्या रविवारी त्याला पुढे झालरीच्या खुर्चीत बसवून भाषण करायला लावलं. पुढच्या रविवारी भाषण चुकवायला गडी गुपचूप माझ्यावर. झालं, बायकांची डोकी जुळली. मास्तराने ठेवलीय कुणाला तरी. त्यात हा उठून सरळ वेदीपुढे गेला आणि प्रभुभोजन घेऊन परत आला. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई गाण्यातली अख्खी ओळ विसरल्या. माझ्या आडव्या आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

तो बसतोय तोच नालवोगाने विचारलं, "चव कशी असते हो, मास्तर?"

"कोरडी. टाळूला चिकटते."

"एवढंच? आणि मी इतकी वर्षं लाळ गिळतेय." ती हसली. मग हळूच म्हणाली, "तरी एकदा चिकटू दे."

तेव्हा तिच्या पोटात गाठ निघाली होती. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरने सांगितलं होतं. मास्तराने ते मनावर घेतलं. कलांझीला म्हणाला, "बैल कशाला? आमच्याकडे दोन हार आणि चहा. चहा माझ्याकडून." कलांझी तोंड उघडायच्या आत नालवोगा हो म्हणून मोकळी झाली.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायची रीत आहे. कुणाची हरकत असेल तर त्याने जागच्या जागी उभं राहायचं. पहिल्या रविवारी टाळ्या पडल्या. दुसऱ्या रविवारी नालवोगा उसना आणलेला झगा कसा ढगळ होतो ते सगळ्यांना सांगत फिरली. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी हरकत विचारली आणि उत्तराची वाट न बघता पान उलटलं.

कलांझी उभा राहिला.

"अहो, बसा खाली. नवरदेवाला नाही विचारलेलं," ती कुजबुजली. आजूबाजूचे हसले.

"माझी हरकत आहे," कलांझी म्हणाला. "जिंजा शहरातल्या चर्चमध्ये माझं लग्न झालेलं आहे. मी पोरसवदा होतो तेव्हा. बायको वेगळी राहते, पण जिवंत आहे."

म्हणजे अडचण बैलाची कधी नव्हतीच. चीर मिटायची विसरली, एवढंच मला आठवतं.

पाद्रीबाबा वाईट माणूस नाहीत. बाहेर येऊन नालवोगाला म्हणाले, "बाई, त्याचं घर सोड. पुढच्या रविवारी मी स्वतः तुझ्या हातावर भाकर ठेवीन."

"आणि त्याच्या ताटात कोण वाढेल? तुम्ही?"

मास्तर रडायला लागला. "मी उगाच मधे पडलो," म्हणाला.

"तुम्ही कशाला रडताय?" नालवोगा म्हणाली. "त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, तरी मी राहिलेच असते. फक्त दर रविवारी मान लांब करून पुढे बघितलं नसतं."

नंतरही ती येत राहिली. प्रभुभोजनाची वेळ झाली की तोंड रस्त्याकडे करायची. मास्तराची नोकरी संपली, तो गेला. मग ती गेली.

बिनअंगठीवालीचं प्रेत आमच्या चर्चमध्ये आणत नाहीत. लोकांना बसायला म्हणून मला तिच्या अंगणात नेलं, पण शवपेटी ठेवायला काहीच नव्हतं, ती माझ्यावरच ठेवली. पाद्रीबाबा आले, अंगात सदरा घालून. पाद्रीपणाचा पांढरा झगा घरी ठेवून आले होते.

मला परत न्यायला कुणी आलं नाही. चर्चमध्ये आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. संध्याकाळी कलांझी माझ्या एका टोकाला येऊन बसतो. मागच्या महिन्यात जिंजाहून निरोप आला की त्याची ती बायको वारली. पाद्रीबाबा तातडीने सांगायला आले, "कलांझी, आता तू वेदीपुढे येऊ शकतोस."

"कुणाबरोबर?" त्याने विचारलं.

इकडून कधी गेलात तर बसा घटकाभर त्याच्याजवळ. चर्चला चला, असं तेवढं म्हणू नका. माझ्या मागच्या पायात वाळवी शिरलीय. जमलं तर तिला जरा घाई करायला सांगा.