दाराबाहेरची हजेरी

आपल्याकडे एक कागद कमी पडला की अख्खा माणूस कमी भरतो. खिडकीपलीकडून कुणीतरी मान वर न करता सांगतं, "हे जोडलेलं नाही," आणि आपण आल्या पावली परत फिरतो. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हे सोसलंय. या गोष्टीतली बाई मात्र खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारी होती. ती वाईट नव्हती. वक्तशीर होती, कुणाकडून साधी पेन्सिलसुद्धा घेत नसे, आणि आपलं काम चोख असतं याचा तिला भारी अभिमान होता. तोच तर नडला.

शाळा ज्यू समाजाची. प्रार्थनाघरामागच्या दोन खोल्यांत एका सुताराने ती सुरू केली होती आणि पहिले बाकही त्यानेच रंधा मारून बनवले होते. आता तीन मजले झालेत. सकाळी प्रार्थना, मग हजेरी, एक तास हिब्रूचा, आणि पुढे चारचौघांच्या शाळेसारखंच गणित, इतिहास आणि अंगठे धरणं. शुक्रवारी अर्धी शाळा, कारण सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा आठवड्याचा पवित्र सुट्टीचा दिवस, लागतो. त्या दिवशी पोरांचा कलकलाट असा की घंटा वाजली तरी कळत नाही. खालच्या कचेरीत ही कारकूनबाई सव्वीस वर्षं बसत होती. मुलं तिला शिक्केबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी एक नर्स आपल्या मुलीच्या प्रवेशासाठी तीनदा येऊन गेली. ज्यूंमध्ये धर्म आईकडून येतो, म्हणून शाळेला आजीचा, म्हणजे आईच्या आईचा लग्नाचा करार लागे. या आजीचा करार एका देशातून दुसऱ्या देशात येताना ट्रंकेसकट हरवला होता. नर्सने ते तिन्ही वेळा सांगितलं आणि शिक्केबाईंनी तिन्ही वेळा अर्ज परत सरकवला. शुक्रवारी दुपारी प्रवेश बंद होणार होते. तोवर कागद आला नाही तर मुलीचं वर्ष जाणार, आणि पुढच्या वर्षी तरी तो कागद कुठून उगवणार होता?

त्याच सोमवारी मुख्याध्यापकांनी जिन्याखालची खोली रिकामी करायला सांगितलं. तिथे संगणक बसवायचे होते. ती जुन्या कागदांची खोली. ज्यावर देवाचं नाव लिहिलंय तो कागद टाकायचा नाही, जाळायचा नाही, अशी या लोकांची रीत. फाटकी प्रार्थनापुस्तकं, मुलांच्या हिब्रूच्या वह्या, सगळं त्या खोलीत साठवायचं आणि खोली भरली की कब्रस्तानात नेऊन माणसासारखं पुरायचं. गेल्या साठेक वर्षांत हे पुरणं राहूनच गेलं होतं. शिक्केबाई आणि शिपाईकाका नाकाला रुमाल बांधून गठ्ठे काढायला लागले.

शिपाईकाका एरवी बोलघेवडे, पण तिसरीच्या वर्गाबाहेरच्या बोळातून गठ्ठे न्यायची वेळ आली की लांबचा जिना धरायचे. त्या वर्गाच्या दाराशी एक दगडी पायरी आहे. तिच्यावर मुलं बसत नाहीत, धावत आली तरी उडी मारून जातात. "तिची जागा आहे," म्हणतात. कुणाची, ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेत शेवटचा आमेन सगळ्यांचा म्हणून झाला की एक आमेन जरा मागून येतो, असंही मुलं शपथेवर सांगतात. शिक्केबाईंनी असल्या गोष्टी सांगणाऱ्या कितीतरी पोरांना कचेरीत बोलावून झापलं होतं. मंगळवारी त्या एकट्याच त्या पायरीवरून गेल्या, आणि का कोण जाणे, त्यांचाही पाय आपोआप उचलला गेला.

बुधवारी त्यांना बुटाच्या नाडीने बांधलेल्या सात वह्या सापडल्या. अक्षर लहान मुलीचं, टपोरं. रोजची तारीख, रोजचा धडा, मधेमधे उतरवून घेतलेल्या प्रार्थना. पण एकाही पानावर शिक्षकाची खूण नव्हती. बरोबर नाही, चूक नाही, सही नाही. काही ठिकाणी दोन-दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. आणि रोजच्या पानाच्या सुरुवातीला वर्गातल्या एकतीस मुलांची नावं ओळीने, हजेरी घेतात तशी. एकतिसावं नाव संपलं की खाली तिचं स्वतःचं, आणि पुढे एकच शब्द, 'हजर'.

बाईंनी त्या वर्षाचा हजेरीपट काढला. एकतीसच नावं होती. बत्तिसावं कुठेच नव्हतं. भर दुपारी, पंखा चालू असताना, त्यांना दारात कुणीतरी उभं आहे असं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या.

हिब्रू शिकवून निवृत्त झालेले गुरुजी दोन गल्ल्या पलीकडे राहत. वय चौऱ्याऐंशी. शिक्केबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या वह्या घेऊन गेल्या. गुरुजींनी वह्यांना बांधलेली ती बुटाची नाडी पाहिली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं त्यांचं पहिलं वर्ष, वय तेवीस. परगावाहून आलेली एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन आली. लग्नाचा करार नाही म्हणून प्रवेश नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वही घेऊन तिसरीच्या पायरीवर बसू लागली. तिला कुणी हाकललं नाही आणि कुणी आतही घेतलं नाही. वर्षभर बसली. मग एक दिवस आली नाही, ती कायमचीच. वह्या तेवढ्या पायरीवर होत्या.

"मी तिच्यासाठी मोठ्याने शिकवायचो," गुरुजी म्हणाले. "वाटायचं, केवढा उपकार करतोय. फळ्याकडे वळलो की तिला ऐकू जात नसणार. त्या कोऱ्या ओळी माझ्या आहेत पोरी. मी आवाज वाढवला, पण दार उघडलं नाही."

"नंतर कुठे गेली ती?"

"कुणाला ठाऊक! कुणी विचारलंसुद्धा नाही. वह्यांत देवाचं नाव होतं, म्हणून त्या मात्र नीट उचलून खोलीत ठेवल्या. कागद आम्ही साठ वर्षं जपले. तिला एक बाक दिला नाही."

शिक्केबाईंना हे लागलं, कारण नर्सच्या अर्जाचं गुरुजींच्या कानावर गेलेलं होतं आणि बोलणं साठ वर्षांपूर्वीचं असलं तरी रोख कुठे आहे ते त्यांना कळत होतं. त्या म्हणाल्या की नियम तर नियम आहे, एकाला सूट दिली की उद्या कुणीही उठून येईल. गुरुजींनी शांतपणे विचारलं, नियम पूर्ण वाचलायस का? पुढची ओळ गुरुजींना पाठ होती. करार, किंवा तो नसेल तर समाजातल्या दोन जाणत्या माणसांची साक्ष. बाई सव्वीस वर्षं स्वल्पविरामापर्यंतच वाचत आल्या होत्या.

"त्या पायरीवरच्या पोरीची आई आमच्या शेजारी राहायची," गुरुजी म्हणाले. "दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी तिच्या खिडकीत शब्बाथचे दिवे लागायचे. मी बघायचो. साक्ष द्यायला मी उठलो असतो तर दुसरा साक्षीदारही मिळाला असता. पण नोकरी नवी होती, आणि वाटलं, दुसरं कुणीतरी उठेल." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या नर्सला मीही प्रार्थनाघरात बघतो. ती कुठे बसते?"

"माझ्या मागच्या ओळीत."

"किती वर्षं?"

"नऊ."

नऊ वर्षं! जिचा आवाज दर शनिवारी पाठीमागून ऐकला, जिच्या मुलीला पाळण्यातली असल्यापासून पाहिलं, तिलाच त्या तीनदा विचारत होत्या, तू कोण ते सिद्ध कर. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

शुक्रवारी सकाळी गुरुजी काठी टेकत कचेरीच्या पायऱ्या चढले. साक्षीच्या कागदावर पहिली सही त्यांनी केली. दुसरी शिक्केबाईंनी. सही करून त्यांनी कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला. मुख्याध्यापकांनी कागद वाचून विचारलं, "बाई, खात्री आहे ना तुमची?" त्या म्हणाल्या की खात्री कधीपासूनच होती, विचारलं मात्र कुणी नव्हतं, आणि त्यांनी स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं.

वह्या टेबलावरच होत्या. गुरुजींनी एक उघडली, कोऱ्या ओळींवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. या ओळी भरायचा आपल्याला हक्क नाही, म्हणाले. त्यांनी ती वही मिटली आणि सातही वह्या पुन्हा नाडीने बांधल्या.

बाईंनी नर्सला फोन लावला. ती कामावर होती, हळू आवाजात बोलत होती. "बाई, तो कागद अजून मिळाला नाही हो. आणखी दोन दिवस..."

"कागद राहू दे," शिक्केबाई म्हणाल्या. "कागद आमच्याकडे खोलीभर आहेत. तू मुलीला पाठव."

वाचकहो, आपणही कुठल्या ना कुठल्या खिडकीच्या आत बसलेले असतो. बाहेरच्याला चांगलं ओळखत असतो आणि तरी पुरावा मागतो, कारण साक्ष द्यायची तर उठावं लागतं. कागद जरूर जपा. पण माणूस दाराशी आहे तोवर दार उघडा. त्या सात वह्यांवर नाव आहे, तारखा आहेत, वर्षभराची हजेरी आहे. ती मुलगी कुठे आहे, ते आजही कुणाला माहीत नाही.